तंतुमय उष्णतारोधकांतील प्रारण-वहनाची प्रतिमाने : एक चिकित्सा

प्रास्ताविक

इमारतींच्या छतांत व भिंतींत वापरल्या जाणाऱ्या काचेच्या लोकरीच्या एका हलक्या गादीत दर घनमीटरला सुमारे १० किलोग्रॅम काच असते. काचेची घनता दर घनमीटरला सुमारे २५०० किलोग्रॅम धरली, तर गादीच्या एकूण आकारमानापैकी अवघा ०.४ टक्के भाग काचेने व्यापलेला असतो. उरलेली ९९.६ टक्के हवाच असते. ग्राहक विकत घेतो ती वस्तू म्हणजे बव्हंशी जागच्या जागी बांधून ठेवलेली हवा होय, असे म्हणण्यास हरकत नाही. तंतूंकडे दोन कामे असतात. हवेला अभिसरण करू न देणे हे पहिले, आणि एका पृष्ठाकडून दुसऱ्या पृष्ठाकडे निघालेले अवरक्त प्रारण अडविणे हे दुसरे. पहिल्या कामाविषयी अभ्यासकांत फारसे मतभेद नाहीत. दुसऱ्या कामाचे गणित मात्र गेली सात दशके मांडले जात आहे, आणि त्यातील काही महत्त्वाच्या प्रतिमानांची तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

या कामाचे महत्त्व एका साध्या वजाबाकीवरून लक्षात येते. ३०० केल्व्हिन तापमानास स्थिर हवेची उष्णता-संवाहकता दर मीटर-केल्व्हिनला सुमारे ०.०२६ वॅट असते. वर वर्णिलेल्या हलक्या लोकरीची मोजलेली संवाहकता ०.०४ च्या आसपास येते. मधला फरक काचेतून होणाऱ्या संवहनाचा नाही. इतकी विरळ आणि एकमेकांना केवळ बिंदूत स्पर्श करणारी काच तेवढी उष्णता वाहून नेऊ शकत नाही. तो फरक प्रारणाचा आहे. प्रारण हे फक्त तापलेल्या भट्टीच्या संदर्भात विचारात घ्यावयाचे, अशी समजूत पदवी स्तरावरील अध्यापनातून नकळत रुजते. प्रत्यक्षात दिवाणखान्याच्या तापमानासही लोकरीतून जाणाऱ्या उष्णतेपैकी एक-तृतीयांशाहून अधिक उष्णता प्रारणाच्या वाटेने जाते.

ताऱ्यांकडून आलेली समीकरणे

या क्षेत्रातील गणिताचा उगम लोकरीत नाही. १९०५ मध्ये आर्थर शुस्टर यांनी धुकट वातावरणातून जाणाऱ्या प्रारणाचा विचार करताना प्रारणाचे फक्त दोन प्रवाह कल्पिले : एक पुढे जाणारा, दुसरा मागे परतणारा. १९०६ मध्ये कार्ल श्वार्ट्सशिल्ट यांनी सूर्याच्या वातावरणासाठी अशीच मांडणी केली. १९२४ मध्ये नॉर्वेचे स्वेन रॉसलँड यांनी ताऱ्याच्या अंतर्भागासाठी प्रारणाला विसरणाचे रूप दिले. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्या १९५० मधील ‘रेडिएटिव्ह ट्रान्स्फर’ या ग्रंथाने या सर्व प्रश्नांना काटेकोर गणिती बैठक दिली. उष्णतारोधकांच्या अभ्यासकांनी ही सामग्री जवळजवळ तयार अवस्थेत उचलली.

उसनवारीत गैर काहीच नाही. तथापि, उसन्या घेतलेल्या वस्तूबरोबर तिच्या मूळ मालकाची गृहीतकेही घरात येतात. ताऱ्याच्या अंतर्भागात प्रारणाचा एक कण ज्या सरासरी अंतरात अडतो, ते अंतर ताऱ्याच्या त्रिज्येच्या मानाने इतके नगण्य असते की, ताऱ्याला ‘कडा’ आहे हे विसरून गणित करता येते. लोकरीच्या गादीला मात्र दोन कडा असतात आणि त्या एकमेकींपासून २५ किंवा १०० मिलिमीटरवर असतात. ताऱ्यातील द्रव्याला दिशा नसते. लोकरीचे तंतू निर्मितीच्या वेळीच पट्ट्यावर आडवे पडत जातात, त्यामुळे गादीला स्पष्ट दिशा असते. उष्णतारोधकांच्या प्रतिमानांवर घ्यावयाचे बहुतेक आक्षेप या दोन फरकांतूनच निघतात.

एका गुणांकाची करामत

रॉसलँड यांच्या विसरण-मांडणीत प्रारणाची संवाहकता पुढीलप्रमाणे येते : स्टेफान-बोल्ट्समान स्थिरांकाची १६ पट आणि तापमानाचा घन यांच्या गुणाकाराला क्षीणन गुणांकाच्या तिपटीने भागावे. क्षीणन गुणांक म्हणजे एक मीटर अंतरात प्रारण सरासरी किती वेळा अडते, याचे माप. तंतू विरळ असतील तर हा गुणांक घनतेच्या प्रमाणात वाढतो. म्हणून दर किलोग्रॅममागील क्षीणन ही एकच राशी माहीत असली की काम भागते. उदाहरणादाखल ती दर किलोग्रॅमला ५० चौरस मीटर धरू. १० किलोग्रॅम घनतेच्या लोकरीचा क्षीणन गुणांक दर मीटरला ५०० येतो आणि ३०० केल्व्हिनला प्रारणाची संवाहकता ०.०१६३ येते. हवेचे ०.०२६ त्यात मिळविले की ०.०४२ ही बेरीज मोजलेल्या आकड्याशी सुरेख जुळते.

या सूत्राची उपयुक्तता नाकारण्याचे कारण नाही. तापमानाचा घन त्यात असल्यामुळे ३०० ऐवजी १००० केल्व्हिनला प्रारण ३७ पट का वाढते, हे ते एका ओळीत सांगते. घनता वाढविली की प्रारण घटते पण तंतूंतून होणारे संवहन वाढते, आणि त्यामुळे संवाहकता एका विशिष्ट घनतेला किमान का होते, याचेही स्पष्टीकरण त्यातून मिळते. आणखी एक निष्कर्ष तर पाठ्यपुस्तकांत क्वचितच आढळतो. ठराविक वजनाची लोकर फुलवून जाड केली, तर घनता जितकी कमी होते तितकीच जाडी वाढते. परिणामी प्रारणाला होणारा विरोध जसाच्या तसा राहतो. तो फक्त दर चौरस मीटरमागील तंतूंच्या वजनावर अवलंबून असतो. पिंजाऱ्याने नव्याने पिंजून दिलेल्या कापसाची रजई अधिक उबदार वाटते ती हवेचा थर जाड झाल्यामुळे. प्रारणाच्या बाबतीत पिंजाऱ्याची मेहनत काहीच बदल घडवीत नाही.

पण याच सूत्राने एक चुकीची सवयही लावली. त्यामुळे ‘संवाहकता’ हा लोकरीचा अंगभूत गुण आहे, असे मानले जाऊ लागले. विसरण-मांडणी जेथे कडा दूर आहेत तेथेच लागू पडते. गादीच्या दोन्ही बाजूंच्या पृष्ठांचा विचार करून मांडलेल्या सूत्रात भाजकस्थानी दोन पदे येतात : एक प्रकाशीय जाडीच्या (क्षीणन गुणांक आणि जाडी यांच्या गुणाकाराच्या) तीन-चतुर्थांश, आणि दुसरे पृष्ठांच्या उत्सर्जकतेवरून येणारे. उत्सर्जकता ०.९ असल्यास दुसरे पद १.२२ होते. वरील लोकरीची २५ मिलिमीटर जाडीची गादी घेतली तर प्रकाशीय जाडी १२.५ आणि पहिले पद ९.३८ येते, म्हणजे प्रारणाची संवाहकता विसरण-मांडणीच्या ८८ टक्केच भरते. जाडी १०० मिलिमीटर केली की ती ९७ टक्के होते. हवेसह एकूण संवाहकता अनुक्रमे ०.०४०४ व ०.०४१८ येते. (वहन आणि प्रारण यांच्यातील परस्पर देवघेव या हिशेबात तूर्त बाजूला ठेवली आहे, तिच्याकडे शेवटी वळावे लागेल.) तोच माल, तीच घनता, तेच तापमान असूनही केवळ जाडी बदलल्याने ‘गुणधर्म’ तीन टक्क्यांनी बदलतो.

तीन टक्के ही रक्कम प्रयोगशाळेत किरकोळ वाटेल. परंतु २५ मिलिमीटरचा नमुना मोजून त्याचा रोध चौपट करायचा आणि तो १०० मिलिमीटरच्या गादीवर छापायचा, ही पद्धत रूढ झाली की चूक नेहमी एकाच बाजूला, विक्रेत्याच्या बाजूला, झुकते. अमेरिकेत तेलसंकटानंतर घरोघरी रोधक घालण्याची लाट आली, तेव्हा हा प्रश्न वादाचा झाला. तेथील फेडरल ट्रेड कमिशनने १९७९ मध्ये घरगुती उष्णतारोधकांच्या रोधमूल्याविषयी नियम केला आणि चाचणीसाठी ‘प्रातिनिधिक जाडी’ची अट घातली. एका आसन्न सूत्राची मर्यादा कायद्याच्या भाषेत उतरल्याचे हे दुर्मीळ उदाहरण आहे.

तंतू म्हणजे कण नव्हे

क्षीणन गुणांक येतो कोठून, हा पुढचा प्रश्न. १९५२ मध्ये वर्शूर आणि ग्रीब्लर यांनी काचतंतूंच्या रोधकातील वायू व त्याचा दाब बदलून वायूचे संवहन प्रारणापासून वेगळे काढले. प्रयोग म्हणून ही कल्पना आजही आदर्श आहे. ५ मायक्रोमीटर जाडीचे तंतू ०.४ टक्के जागा व्यापत असतील तर वायूच्या रेणूला तंतू भेटेपर्यंत सुमारे एक मिलिमीटर जावे लागते. नेहमीच्या दाबास हवेच्या रेणूचा मुक्त पथ सुमारे ०.०७ मायक्रोमीटर असतो. म्हणजे दाब दहा हजारांहून अधिक पटींनी घटविल्याशिवाय वायूचे संवहन ठळकपणे कमी होत नाही, आणि ते नाहीसे होण्यासाठी त्याहूनही खूप खाली जावे लागते. उरते ते प्रारण, आणि तंतूंचे थोडेसे संवहन. मात्र या अभ्यासकांच्या सूत्रात तंतूंची ‘अपारदर्शकता’ दर्शविणारा एक गुणक होता आणि तो मोजमापावरूनच ठरवावा लागे. प्रतिमान मोजमापाचे स्पष्टीकरण देत होते. पण स्पष्टीकरणाचा गाभा मोजमापातूनच काढून घेत होते.

१९५९ मध्ये लार्किन आणि चर्चिल यांनी शुस्टर यांचे दोन प्रवाह रोधकांत आणले आणि शोषण व मागे वळविणारे प्रकीर्णन यांना स्वतंत्र स्थान दिले. हा भेद पुढील सर्व चर्चेच्या दृष्टीने निर्णायक आहे. शोषण करणारा तंतू प्रारण गिळून तापतो आणि स्वतः सर्व दिशांना प्रारण उत्सर्जित करतो. प्रकीर्णन करणारा तंतू प्रारणाला नुसतीच दुसरी वाट दाखवितो. क्षीणन गुणांकात दोहोंची बेरीज असते आणि बेरजेत हा भेद बुडतो.

१९८३ मध्ये टी. डब्ल्यू. टाँग आणि चँग-लिन टिएन (हेच टिएन पुढे १९९० ते १९९७ या काळात बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे चॅन्सेलर होते) यांनी तंतूला लांब वृत्तचिती मानले. विद्युत् चुंबकीय सिद्धांतावरून एकेका तंतूचे शोषण व प्रकीर्णन काढून ते दोन-प्रवाह समीकरणांत घातले. येथे प्रथमच काचेचा प्रणमनांक आणि तंतूची जाडी एवढ्यावरून रोधकाची संवाहकता काढण्याचा पद्धतशीर प्रयत्न दिसतो, आणि त्याची महती कमी लेखता येणार नाही. ३०० केल्व्हिनला औष्णिक प्रारणाची कमाल ९.७ मायक्रोमीटर तरंगलांबीस येते. ४ मायक्रोमीटर जाडीच्या तंतूचा परीघ तिच्या १.३ पट असतो. या टप्प्यात तंतू ना तरंगलांबीपेक्षा खूप लहान असतो, ना खूप मोठा. त्यामुळे रॅली यांची लहान कणांसाठीची सूत्रेही चालत नाहीत आणि किरणांची भूमितीही चालत नाही. पूर्ण तरंग-सिद्धांताला पर्याय नाही, हे या निबंधाने प्रस्थापित केले.

तथापि, दोन-प्रवाह मांडणी ‘पुढे’ आणि ‘मागे’ एवढ्या दोनच दिशा जाणते, आणि तंतूंचे वागणे तर दिशेवरच अवलंबून असते. आडव्या थरांत अस्ताव्यस्त पसरलेल्या तंतूंचे उदाहरण घ्यावे. थरांना लंब दिशेने येणाऱ्या किरणाला प्रत्येक तंतूची पूर्ण रुंदी आडवी येते. थरांच्या पातळीतूनच जाणाऱ्या किरणाला मात्र सरासरीने त्या रुंदीचा ६४ टक्के भागच दिसतो, कारण काही तंतू किरणाच्या रेषेतच पडलेले असतात. एकाच गादीचा क्षीणन गुणांक अशा रीतीने दिशेनुसार एक-तृतीयांशाहून अधिक फरकाने बदलतो. तेच तंतू सर्व दिशांना सारखे विखुरले, तर प्रत्येक किरणाला सरासरी रुंदीच्या ७८.५ टक्के अडथळा होतो. ही नुसती भूमिती झाली. तरंग-सिद्धांत त्यात आणखी गुंतागुंत घालतो. गोल कणावर पडलेला प्रकाश सर्व दिशांना विखुरतो, पण लांब वृत्तचितीवर तिरका पडलेला प्रकाश फक्त एका शंकूच्या पृष्ठावर विखुरतो, आणि त्या शंकूचा कोन आपाती किरण व तंतू यांच्यामधील कोनाएवढाच असतो. त्यामुळे प्रकीर्णन केवळ वळणाच्या कोनावर अवलंबून आहे, हे धुके व तारे यांच्यासाठी केलेले गृहीतक तंतूंच्या बाबतीत मुळातच अवैध ठरते.

हा मुद्दा सर्वांत स्पष्टपणे पुढे आणण्याचे श्रेय एस. सी. ली यांना दिले पाहिजे. १९८६ पासूनच्या आपल्या निबंधमालिकेत त्यांनी तंतूंचा दिग्विन्यास प्रारणाच्या समीकरणात सरळ समाविष्ट केला. कनिंग्टन आणि ली यांच्या १९९६ च्या निबंधाच्या शीर्षकातच सिद्धांत व प्रयोग समोरासमोर उभे केलेले आहेत. ली यांच्या मांडणीवर घ्यावयाचा आक्षेप तात्त्विक नसून व्यावहारिक आहे : तंतूंच्या जाडीचे वितरण, त्यांचा दिग्विन्यास आणि प्रणमनांकाचे तरंगलांबीनुसार कोष्टक अशी सर्व माहिती हाती असल्याशिवाय ती वापरता येत नाही. उद्योगाला एक आकडा हवा असतो, आणि ली तीन वितरणे मागतात.

येथेच एका वारंवार होणाऱ्या गल्लतीचा उल्लेख करणे आवश्यक आहे. जाड तंतू तरंगलांबीच्या मानाने मोठा असेल तर सिद्धांतानुसार तो आपल्या सावलीच्या दुप्पट क्षेत्रातील प्रारण ‘अडवितो’. यातील निम्मा वाटा विवर्तनाचा असतो आणि विवर्तित प्रारण जवळजवळ सरळ पुढेच जाते. वर्णपटमापकाचा अरुंद शोधक त्याला हरवलेले समजतो. उष्णतेच्या दृष्टीने ते हरवलेले नसते. म्हणून पारगमनाच्या मोजणीतून काढलेला क्षीणन गुणांक विसरण-सूत्रात तसाच घातला तर रोधक आहे त्यापेक्षा चांगला दिसतो. पुढे जाणाऱ्या प्रकीर्णनाचा हिस्सा वजा केल्यानंतर उरणारा प्रभावी गुणांकच तेथे घालावयास हवा.

खिडक्या

करड्या माध्यमाचे गृहीतक, म्हणजे सर्व तरंगलांबींना क्षीणन सारखेच असते हे गृहीतक, गणित सोपे व्हावे म्हणून केले जाते हे सर्वांना ठाऊक आहे. त्याची किंमत किती, हे मात्र सहसा सांगितले जात नाही. सिलिकाचा तंतू ९ मायक्रोमीटरच्या आसपास तीव्र शोषण करतो. परंतु ७.३ मायक्रोमीटरच्या जवळ त्याचा प्रणमनांक हवेइतका, म्हणजे एकच्या जवळ येतो. तेथे शोषणही अल्प असल्याने तंतू जवळपास अदृश्य होतो. ४ मायक्रोमीटरपेक्षा लहान तरंगलांबींना सिलिका फारसे शोषण करीत नाही, आणि १००० केल्व्हिनला प्रारणाची कमाल २.९ मायक्रोमीटरला असते. उच्च तापमानास सिलिकाची लोकर प्रारण अडविते ती जवळजवळ केवळ प्रकीर्णनाच्या बळावर.

समजा, औष्णिक ऊर्जेच्या ८० टक्के भागासाठी क्षीणन गुणांक दर मीटरला १००० आणि उरलेल्या २० टक्के भागासाठी, म्हणजे खिडकीतून जाणाऱ्या भागासाठी, १०० आहे. साधी सरासरी ८२० येते. रॉसलँड यांची सरासरी व्यस्तांची असल्याने ती ३५७ येते, आणि प्रारणाने जाणाऱ्या उष्णतेपैकी ७१ टक्के उष्णता त्या २० टक्क्यांच्या खिडकीतून जाते. येथपर्यंत रॉसलँड यांची पद्धत योग्यच उत्तर देते. अडचण पुढे आहे. २५ मिलिमीटरच्या गादीची खिडकीतील प्रकाशीय जाडी फक्त २.५ असते. म्हणजे बहुतांश उष्णता ज्या वर्णपट्ट्यातून जाते, नेमक्या त्याच पट्ट्यात विसरण-मांडणीचा आधार सुटतो. ०.९ उत्सर्जकतेच्या पृष्ठांसाठी दोन्ही पट्ट्यांचा स्वतंत्र हिशेब केल्यास प्रारणाची संवाहकता विसरण-मूल्याच्या सुमारे ७० टक्के भरते. ३५७ हा एकच गुणांक घेतल्यास ती ८५ टक्के भरते. जाडीमुळे होणारा बदल करड्या गृहीतकाने निम्म्यावर आणला. हे आकडे स्पष्टीकरणासाठी घेतलेले आहेत, पण परिणामाची दिशा आकड्यांच्या निवडीवर अवलंबून नाही.

जुळणीचा पुरावा

उच्च तापमानाच्या रोधकांवरील अलीकडच्या कामात नासाच्या लँग्ली संशोधन केंद्रातील काम्रान दर्याबेगी यांचा २००२ चा अहवाल विशेष लक्षणीय आहे. स्पेस शटलच्या सिलिका फरशांनंतरच्या पिढीतील पुनरागमन-यानांसाठी रोधक शोधण्याच्या काळातले हे काम आहे. शटलच्या प्रमुख फरशीची घनता दर घनमीटरला १४४ किलोग्रॅम होती, म्हणजे तिच्यातही सिलिका जेमतेम साडेसहा टक्के होती, आणि १९८१ ते २०११ या तीस वर्षांत याच विरळ पदार्थाने यानाचे रक्षण केले. दर्याबेगी यांनी २४, ४८ आणि ७२ किलोग्रॅम घनतेचे, १३.३ ते ३९.९ मिलिमीटर जाडीचे नमुने ३०० ते १३०० केल्व्हिन तापमानास, जवळजवळ निर्वातापासून वातावरणीय दाबापर्यंत मोजले. उष्णतेची दिशा उलटसुलट करून अभिसरण होत नसल्याची खातरजमाही केली. प्रयोगाच्या शिस्तीचा हा नमुना आहे.

प्रतिमान मात्र करड्या माध्यमाचे आणि सुधारित दोन-प्रवाहांचे आहे. त्यातील प्रारणविषयक प्राचले तंतूंच्या भौतिकीतून आलेली नाहीत. २४ किलोग्रॅम घनतेच्या, दोन टोकांच्या दाबांवरील मोजमापांशी उत्तम जुळतील अशी ती जनुकीय अल्गोरिदमने शोधलेली आहेत. मग इतर घनता व दाब यांच्या मोजमापांशी आणि यानाच्या पुनरागमनाची नक्कल करणाऱ्या बदलत्या तापमानाच्या चाचणीशी प्रतिमान पडताळले आहे. जुळणीचे आणि पडताळणीचे आकडे वेगळे ठेवण्याचे पथ्य पाळले आहे, जे या क्षेत्रात नेहमी पाळले जाते असे नाही. अभिकल्पकाच्या गरजेसाठी एवढे पुरेसे मानता येईल.

परंतु पडताळणीने नेमके काय सिद्ध झाले, हे वेगळे विचारले पाहिजे. विरळ तंतूंचा क्षीणन गुणांक घनतेच्या प्रमाणात वाढणार, हे कोणत्याही प्रतिमानात ठरलेलेच आहे. दाब बदलल्याने वायूचे संवहन बदलते, प्रारण बदलत नाही. तेव्हा घनता व दाब यांच्या कसोट्या प्रतिमानाच्या वायूविषयक भागाची उत्तम परीक्षा घेतात, प्रारणाच्या भागाची तेवढी घेत नाहीत. जाड गादीत क्षीणन, प्रकीर्णनाचा अंश आणि त्यातील मागे वळणारा भाग ही तिन्ही प्राचले उष्णतेच्या प्रवाहात एकत्रित रूपातच प्रकट होतात. एकाचे मूल्य वाढवून दुसऱ्याचे घटविले तरी उत्तर तेच येते. अल्गोरिदम त्यांतील एक जोडी निवडतो. ती निसर्गाने निवडलेली जोडी आहे याची हमी जुळणीची चांगली टक्केवारी देऊ शकत नाही. अशी मूल्ये पुढे दुसऱ्या लेखकांच्या कोष्टकांत ‘पदार्थाचे गुणधर्म’ म्हणून स्थिरावतात, तेव्हा खरा धोका सुरू होतो.

तंतूंच्या जाळ्याचे क्ष-किरण त्रिमितीय चित्रण करून त्यात संगणकाने लक्षावधी किरण सोडण्याची पद्धतही आता रुळली आहे. तिच्यात दिग्विन्यासाचा प्रश्न सुटतो. पण तंतूची जाडी तरंगलांबीइतकी असताना किरणांची भूमिती लावणे, हा टाँग आणि टिएन यांनी चार दशकांपूर्वी दाखविलेला दोष त्यात मागल्या दाराने परत येतो. चित्र कितीही हुबेहूब असले तरी त्याने हा दोष भरून निघत नाही.

चकचकीत पृष्ठाची कसोटी

हवेचे संवहन आणि प्रारण यांची साधी बेरीज करण्याची रीत वर वापरली आहे आणि बहुतेक लेखक ती वापरतात. ती केव्हा चालते? तंतू फक्त प्रकीर्णन करीत असतील तर प्रारणाला हवेच्या तापमानाची दखलच नसते आणि बेरीज अचूक ठरते. तंतू शोषण करीत असतील तर हवा आणि प्रारण यांच्यात सतत देवघेव चालू राहते.

२५ मिलिमीटरच्या त्याच गादीच्या दोन्ही बाजूंना ०.०५ उत्सर्जकतेची ॲल्युमिनियमची पन्नी अगदी चिकटवून बसविली, असे समजू. पृष्ठांचे पद १.२२ वरून ३९ होते. बेरजेच्या रीतीने प्रारण पूर्वीच्या सुमारे २२ टक्क्यांवर येते, एकूण संवाहकता ०.०४०४ वरून ०.०२९२ होते आणि रोध ३८ टक्क्यांनी वाढतो. आता तंतू पूर्ण शोषक आहेत असे धरून हवा व प्रारण यांची समीकरणे एकत्र सोडविली तर वेगळेच दृश्य दिसते. पन्नीपासून साधारण एक मिलिमीटरच्या थरात हवा एकटीच उष्णता पुढे नेते, तेथील तंतूंना तापविते आणि त्यापलीकडे तंतूंचे प्रारण पूर्ववत सुरू होते. पन्नीमुळे वाढणारा रोध जेमतेम चार-पाच टक्के भरतो. क्षीणन गुणांक दोन्ही वेळी तोच, दर मीटरला ५००. काळ्या पृष्ठांमध्ये मोजलेली संवाहकताही दोन्ही पदार्थांची जवळजवळ सारखीच. फरक आहे तो केवळ क्षीणनातील शोषण व प्रकीर्णन यांच्या वाटणीचा, म्हणजे लार्किन आणि चर्चिल यांनी १९५९ मध्ये वेगळ्या केलेल्या आणि करड्या, जुळवून घेतलेल्या गुणांकांत पुन्हा एकत्र झालेल्या त्या दोन राशींचा. सामान्य तापमानास काचेचे तंतू ९ ते १० मायक्रोमीटरच्या भागात चांगलेच शोषक असल्याने लोकरीला चिकटलेली पन्नी अपेक्षेइतका उपयोग करीत नाही आणि ती हवेच्या मोकळ्या पोकळीकडे तोंड करून बसवावी लागते. १००० केल्व्हिनच्या सिलिका-लोकरीत मात्र तीच युक्ती बऱ्याच अंशी साधते, फक्त पन्नी ॲल्युमिनियमची असून चालत नाही. तो धातू ९३३ केल्व्हिनलाच वितळतो.